सप्टेंबरमधली प्लेऑफची शर्यत: बेसबॉलचा तक्ता कोणत्या क्रमाने वाचायचा

सप्टेंबरच्या मध्यावर बेसबॉलप्रेमींच्या गप्पांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "आपण बरोबरीत आहोत, म्हणजे अजून सगळं आपल्याच हातात आहे." "टाय झाला तरी आपला रन डिफरन्स चांगला आहे." "मॅजिक नंबर चार आहे, म्हणजे आपल्याला अजून चार जिंकायलाच लागणार." (मॅजिक नंबर म्हणजे आपले विजय आणि प्रतिस्पर्ध्याचे पराभव मिळून किती झाले की आपली जागा पक्की होते, तो आकडा.) तिन्ही वाक्यं बहुतेक वेळा चूक असतात. बोलणाऱ्याला खेळ चांगला कळत असतो, पण तक्ता त्याने आयपीएलच्या सवयीने वाचलेला असतो. आयपीएलमध्ये गुण असतात, नेट रनरेट असतो, साखळीत चौदा सामने असतात. मेजर लीग बेसबॉलमध्ये गुण नाहीत, अनिर्णित सामना नाही आणि सामने १६२.

हा लेख शेवटच्या तीन आठवड्यांसाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. गोंधळ बहुधा होतो तो चौथी पायरी सोडून थेट पाचवीवर उडी मारल्यामुळे.

## पायरी १: एक कागद, चार नोंदी

सप्टेंबर लागला की एका कागदावर किंवा फोनच्या नोंदवहीत हे लिहून ठेवा. एकदाच करायचं काम आहे.

पहिली नोंद: आपल्या संघाची लीग आणि डिव्हिजन. एकूण संघ ३०. अमेरिकन लीगमध्ये १५, नॅशनल लीगमध्ये १५. प्रत्येक लीगमध्ये ईस्ट, सेंट्रल आणि वेस्ट अशा तीन डिव्हिजन, प्रत्येकीत पाच संघ. आपली शर्यत फक्त आपल्या लीगमधल्या संघांशी असते. मेट्सचा (नॅशनल लीग) चाहता यांकीजच्या (अमेरिकन लीग) पराभवाने कितीही सुखावला, तरी त्या पराभवाने मेट्सच्या जागेत काडीचा फरक पडत नाही.

दुसरी नोंद: जागा किती. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून पाच संघांचा किंवा एका सामन्याच्या वाइल्ड कार्डचा हिशेब करू नका. ते नियम आता गेले.

तिसरी नोंद: खरे प्रतिस्पर्धी. सप्टेंबरच्या मध्यावर आपल्यापेक्षा पाच-सहा पराभव कमी किंवा जास्त असलेले संघच लिहा. हे बहुधा तीन-चारच निघतात. पंधराही संघांवर डोळा ठेवायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल.

चौथी नोंद, आणि हीच लोक टाळतात: त्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी यंदाच्या हंगामातला आपला आपसांतला हिशेब. किती जिंकलो, किती हरलो, किती सामने उरलेत. संघाच्या वेळापत्रकाच्या पानावर मागचे निकाल असतात. तिथून मोजायला पंधरा मिनिटं पुरतात.

तपासा: आपल्याच डिव्हिजनमधल्या संघाशी १३ सामने असतात. लीगमधल्या इतर संघांशी ६ किंवा ७. तुमची बेरीज यात बसत नसेल तर एखादी मालिका मोजायची राहिली आहे.

## पायरी २: तारीख आणि घड्याळ जुळवा

भारतातून पाहणाऱ्यांसाठी ही पायरी आहे. अमेरिकेत राहणारे पुढे जाऊ शकतात, जाताना एवढंच बघून ठेवा: एमएलबी.टीव्हीवर, म्हणजे लीगच्या ऑनलाइन प्रक्षेपण सेवेवर, आपल्या भागातल्या संघाचे थेट सामने बहुधा ब्लॅकआउट असतात, म्हणजे दिसत नाहीत. शेवटच्या रविवारी दुपारी ते कळण्यापेक्षा आधीच दुसरी सोय करा.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कपेक्षा भारत साडेनऊ तास पुढे असतो, लॉस एंजेलिसपेक्षा साडेबारा तास. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३५ ला. पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला. पूर्वेकडचा दुपारी १:०५ चा सामना मात्र त्याच तारखेला रात्री १०:३५ ला सुरू होतो. सोमवारी पुण्यात सकाळी पाहिलेले निकाल हे तिकडच्या रविवारचे. कागदावर नेहमी अमेरिकेची तारीख लिहा, नाहीतर एकच दिवस दोनदा मोजला जातो.

सावधान: सकाळी सातला उठून तक्ता पाहायचा आणि हिशेब मांडायचा, ही सवय सोडा. तेव्हा पश्चिमेकडचे सामने सुरूही झालेले नसतात. एका संघाचे १५५ सामने झालेले, दुसऱ्याचे १५४, आणि आपण म्हणतो की आघाडी अर्ध्या सामन्याची आहे. साडेदहा-अकरापर्यंत थांबा.

## पायरी ३: आधी पराभवांचा रकाना

तक्त्यात विजय, पराभव, टक्केवारी आणि मग 'जीबी', म्हणजे गेम्स बॅक, असे रकाने असतात. नजर सरळ 'जीबी'वर जाते. तिथे जाऊ देऊ नका.

गेम्स बॅक काढण्याची रीत अशी: आघाडीच्या संघाच्या विजयांतून आपले विजय वजा करा, आपल्या पराभवांतून त्याचे पराभव वजा करा, दोन्हींची बेरीज करा आणि निम्मी करा. ही सरासरी आहे. दोन्ही संघांचे सामने सारखे झाले असतील तर ठीक. ते नसतील तर ती खरी गोष्ट झाकते.

२०२४ चा नॅशनल लीगचा शेवट घ्या. शेवटच्या आठवड्यात हेलीन वादळामुळे अटलांटातले मेट्स आणि ब्रेव्ज यांचे दोन सामने पुढे ढकलले गेले. रविवारी, २९ सप्टेंबरला, बाकी सगळ्यांचा हंगाम संपला तेव्हा ॲरिझोना डायमंडबॅक्स ८९-७३ वर होते (आधी विजय, मग पराभव). मेट्स आणि ब्रेव्ज दोघेही ८८-७२ वर. वरची रीत लावून पाहा: विजयांत एकाचा फरक, पराभवांत उलट्या बाजूने एकाचा फरक, बेरीज शून्य. तिघे बरोबरीत! पण डायमंडबॅक्सना ७३ पराभव होते आणि एकही सामना उरला नव्हता. बाकी दोघांचे पराभव ७२ आणि दोन-दोन सामने हातात. विजय अजून मिळवता येतो, झालेला पराभव पुसता येत नाही. सोमवारी मेट्सने पहिला सामना ८-७ ने घेतला, ब्रेव्जने दुसरा ३-० ने. तिघेही ८९-७३ वर थांबले आणि डायमंडबॅक्स घरी गेले. ते का घरी गेले, हे पुढच्या पायरीत.

म्हणून रोजचा पहिला प्रश्न एकच: आपले पराभव किती आणि त्यांचे किती? आपले पराभव कमी असतील तर उरलेले सगळे सामने जिंकल्यास कोणाच्याही मदतीशिवाय आपण पुढे राहतो. जास्त असतील तर त्यांनी हरायची वाट पाहावी लागते, मग 'जीबी'चा रकाना काहीही म्हणो. याला एकच अपवाद: त्यांच्याशीच सामने उरले असतील तर ते पराभव आपणच त्यांना देऊ शकतो.

तपासा: विजय अधिक पराभव अधिक उरलेले सामने, बेरीज १६२ यायला हवी. क्वचित येत नाही. २०२४ मध्ये गार्डियन्स आणि ॲस्ट्रोज यांच्यातला वाहून गेलेला एक सामना पुन्हा खेळवलाच नाही, कारण त्याने फरक पडणार नव्हता. दोन्ही संघ १६१ वर थांबले.

## पायरी ४: टायब्रेकर आधी सोडवा, टाय होण्याची वाट पाहू नका

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पूर्वी दोन संघ बरोबरीत आले की १६३ वा सामना खेळायचे. २०२२ पासून तो बंद झाला. आता बरोबरी कागदावर सुटते, आणि ती पुढच्या क्रमाने सुटते:

१. आपसांतल्या सामन्यांत कोण पुढे.
२. तेही समान असेल तर प्रत्येकाची स्वतःच्या डिव्हिजनमधली कामगिरी.
३. तीही समान असेल तर आपल्याच लीगमधल्या इतर डिव्हिजनच्या संघांविरुद्धची कामगिरी.
४. त्यानंतर लीगअंतर्गत सामन्यांच्या उत्तरार्धातली कामगिरी, आणि तरीही सुटलं नाही तर त्यात मागचा एकेक सामना जोडत जायचं.

या यादीत रन डिफरन्स कुठेच नाही. संघाने शंभर धावा जास्त केल्या असतील तर संघ चांगला आहे एवढं कळतं, बरोबरी सुटायला त्याचा उपयोग शून्य. नेट रनरेटची सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे पचत नाही, तरी पचवा.

आता कागदावरची चौथी नोंद काढा. एकाच डिव्हिजनमधल्या संघांचे सामने १३, म्हणजे विषम. तिथे कोणीतरी सात जिंकतोच आणि पहिल्या नियमावरच निकाल लागतो. वेगळ्या डिव्हिजनमधल्या संघाशी ६ सामने झाले असतील तर ३-३ होऊ शकतं. असे प्रतिस्पर्धी वेगळ्या रंगाने लिहा आणि त्यांच्यापुढे दोघांचीही डिव्हिजनमधली कामगिरी मांडून ठेवा. अशा वेळी शेवटच्या आठवड्यातला डिव्हिजनमधल्या तळाच्या संघाविरुद्धचा कंटाळवाणा सामना दुप्पट मोलाचा होतो.

प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: 'आपला', 'त्यांचा' किंवा 'लोंबकळतोय'. 'त्यांचा' असेल तर तक्त्यातल्या आपल्या स्थानातून मनातल्या मनात एक सामना वजा करा.

२८ सप्टेंबर २०२५, हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी सिनसिनाटी रेड्स ८३-७८, मेट्सही ८३-७८. तक्ता म्हणतो बरोबरी. पण त्या हंगामात रेड्सनी मेट्सविरुद्ध ४-२ अशी आघाडी घेतली होती, म्हणजे टायब्रेकर रेड्सचा. मेट्सना स्वतः जिंकायलाही हवं होतं आणि रेड्स हरायलाही हवे होते. रेड्स खरोखरच हरले, ब्रूअर्सकडून. पण मेट्सही मायामीत मार्लिन्सकडून ०-४ असे हरले. दोघे ८३-७९ वर थांबले आणि पराभवाच्या दिवशी रेड्सनी प्लेऑफ गाठली. जूनच्या मध्यावर मेट्स अख्ख्या मेजर लीगमध्ये अव्वल होते. जूनमधलं अव्वल स्थान सप्टेंबरमध्ये कुणी विचारत नाही, आपसांतले पराभव मात्र, हंगामात कधीचेही असोत, नियमाने विचारले जातात.

त्याच दिवशी अमेरिकन लीगमध्ये टोरांटो ब्लू जेज आणि यांकीज दोघांनीही आपापले सामने जिंकले आणि दोघे ९४-६८ वर आले. आपसांत ब्लू जेज ८-५ ने पुढे. डिव्हिजन टोरांटोची, यांकीज वाइल्ड कार्डमध्ये.

तीन संघांच्या बरोबरीत नियम थोडा वेगळा चालतो. एका संघाने बाकी दोघांविरुद्धही आघाडी घेतली असेल तर तो पहिला. तसं स्पष्ट चित्र नसेल तर तिघांच्या आपसांतल्या सगळ्या सामन्यांची एकत्र टक्केवारी काढतात. २०२४ मध्ये डायमंडबॅक्स मेट्सविरुद्धही मागे होते आणि ब्रेव्जविरुद्धही. म्हणूनच त्या सोमवारी त्यांना एकच निकाल उपयोगाचा होता: दोघांपैकी एकाने दोन्ही सामने जिंकायचे. दोघांनी एकेक वाटून घेतला आणि विषय संपला.

सावधान: बरोबरी डिव्हिजनसाठी असेल तर आधी डिव्हिजनचा निकाल लावतात, मग हरलेला संघ वाइल्ड कार्डच्या रांगेत जातो. हा क्रम उलटा केला की उत्तर चुकतं.

## पायरी ५: मॅजिक नंबर स्वतः काढा

आता गणित. सूत्र सोपं आहे:

१६३ − आघाडीच्या संघाचे विजय − पाठलाग करणाऱ्याचे पराभव

समजा अ संघ ८८-६२ आणि ब संघ ८३-६७. मग १६३ − ८८ − ६७ = ८. अ जिंकला की एक कमी, ब हरला की एक कमी. अ आणि ब एकमेकांशी खेळले आणि अ जिंकला तर एका रात्रीत दोन कमी. म्हणजे "आठ विजय हवेत" असं नाही. अ चार जिंकला आणि ब चार हरला तरी काम झालं.

टायब्रेकर 'आपला' असेल तर १६३ ऐवजी १६२ घ्या, कारण बरोबरीही पुरते. वरच्या उदाहरणात आठऐवजी सात. मात्र टायब्रेकर अजून लोंबकळत असेल तर १६२ घ्यायचा मोह टाळा. आकडा एकाने जास्त दिसलेला परवडतो, फटाके लवकर वाजवलेले परवडत नाहीत.

रेड्सचा शेवटच्या सकाळचा आकडा पाहा: १६२ − ८३ − ७८ = १. रेड्सचा एक विजय किंवा मेट्सचा एक पराभव. तक्त्यात बरोबरी, पण मॅजिक नंबर एक. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

पाठलाग करणाऱ्यासाठी हाच आकडा उलट्या बाजूने एलिमिनेशन नंबर होतो. बऱ्याच तक्त्यांत तो वेगळ्या रकान्यात दिलेला असतो. शून्य झाला की संपलं.

तपासा: मॅजिक नंबर नेहमी *एका* संघाविरुद्ध असतो. कोणाविरुद्धचा, हे लिहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नका. डिव्हिजनसाठीचा आणि प्लेऑफमधल्या जागेसाठीचा असे दोन वेगळे आकडे एकाच संघाचे असू शकतात, आणि बहुतेक वाद त्यावरूनच पेटतात.

## पायरी ६: वाइल्ड कार्डची गर्दी

वाइल्ड कार्डच्या तक्त्यात डिव्हिजनचे आघाडीचे संघ वगळलेले असतात आणि बाकीच्यांचं अंतर *तिसऱ्या* वाइल्ड कार्डपासून मोजलेलं असतं. तुमच्या संघापुढे अधिकचं चिन्ह असेल तर तुम्ही रेषेच्या आत आहात आणि तिसऱ्या वाइल्ड कार्डपेक्षा किती पुढे आहात ते तो आकडा दाखवतो. हे न कळल्याने पहिल्या वाइल्ड कार्डवरचा संघ "तीनने मागे" असल्याची अफवा मी अनेकदा वाचली आहे.

आत असाल तर मॅजिक नंबर रेषेबाहेरच्या पहिल्या संघाविरुद्ध काढा. म्हणजे बाहेरच्यांपैकी ज्याचे पराभव सर्वांत कमी, तो. आतल्या शेजाऱ्याविरुद्ध काढू नका, तो तुम्हाला बाहेर ढकलत नाही.

बाहेर असाल तर एक खोच आहे. रेषेवरचे दोन संघ *एकमेकांशी* खेळणार असतील तर छापील एलिमिनेशन नंबर तुम्हाला खोटी आशा लावतो. समजा एकच जागा उरली आहे. अ आणि ब दोघे ८४-७५, शेवटचे तीन सामने एकमेकांशी. तुम्ही क, ८३-७६, तीन सामने बाकी. तुम्ही एक सामना हरलात की तुमची कमाल ८५. रकाना अजूनही २ दाखवेल, कारण १६३ − ८४ − ७७ = २. पण अ आणि ब यांच्या तीन सामन्यांत कोणीतरी किमान दोन जिंकणारच, म्हणजे त्यांच्यापैकी एक ८६ वर जाणारच. तुम्ही आत्ताच बाद आहात, रकान्याला ते ठाऊक नाही. ज्यांनी कम्प्युटर इंजिनिअरिंगला मॅक्सिमम फ्लो शिकलाय त्यांना हे गणित आठवेल. 'बेसबॉल एलिमिनेशन' हे त्या विषयातलं ठरलेलं उदाहरण आहे आणि परीक्षेसाठी पाठ करताना त्यातले संघ खरे आहेत याकडे आपलं लक्षच नसायचं.

## पायरी ७: उरलेलं वेळापत्रक आणि पिचर

इथे अंदाज सुरू होतो, म्हणून ही पायरी गणितानंतर. उरलेल्या प्रत्येक मालिकेपुढे तीन गोष्टी लिहा: घरी की बाहेर, प्रतिस्पर्धी अजून शर्यतीत आहे का, आणि आपला अव्वल पिचर (चेंडू टाकणारा) कोणत्या दिवशी येतो.

सुरुवातीचा पिचर साधारण चार किंवा पाच दिवसांच्या विश्रांतीनंतर येतो. हंगाम रविवारी संपतो आणि वाइल्ड कार्ड मालिका मंगळवारी सुरू होते. गुरुवारी टाकलेला पिचर मंगळवारी चार दिवसांच्या विश्रांतीवर मिळतो. रविवारी टाकला तर वाइल्ड कार्ड मालिकेत तो जवळजवळ गेलाच. त्यामुळे शेवटच्या रविवारी समोरचा संघ आपला सर्वोत्तम पिचर उतरवतोय की राखून ठेवतोय, हे आदल्या दिवशीच बघा. त्यावरून त्या संघाला तो सामना किती हवा आहे हे कळतं. जागा पक्की झालेला संघ मुख्य खेळाडूंना बसवतो. 'तगडा प्रतिस्पर्धी' अशा दिवशी मऊ निघू शकतो, आणि शर्यतीबाहेर गेलेला संघ नव्या पोरांना संधी देताना जिवावर उदार होऊन खेळू शकतो. १ सप्टेंबरपासून संघात २६ ऐवजी २८ खेळाडू चालतात, म्हणून ही नवी नावं दिसतात.

सावधान: ३१ ऑगस्टनंतर बाहेरून घेतलेला खेळाडू सप्टेंबरमध्ये खेळू शकतो, प्लेऑफमध्ये नाही. त्याच्या भरवशावर ऑक्टोबरची स्वप्नं रंगवू नका.

## पायरी ८: जिंकून नेमकं काय मिळणार?

"डिव्हिजन जिंकलीच पाहिजे" असं ओरडण्याआधी डिव्हिजनची किंमत तपासा. ती दर वर्षी आणि दर संघाला वेगळी असते.

तीन डिव्हिजन विजेत्यांना १ ते ३ क्रमांक मिळतात, वाइल्ड कार्डना ४ ते ६. वाइल्ड कार्ड संघाचे विजय तिसऱ्या डिव्हिजन विजेत्यापेक्षा जास्त असले तरी क्रमांक खालचाच. पहिल्या दोघांना बाय, म्हणजे ते थेट पाच सामन्यांच्या डिव्हिजन सिरीजमध्ये. ३ विरुद्ध ६ आणि ४ विरुद्ध ५ अशा तीन सामन्यांच्या मालिका, आणि तिन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या मैदानावर. पुढे ४-५ चा विजेता पहिल्याशी, ३-६ चा विजेता दुसऱ्याशी. मधे पुन्हा क्रमवारी लावत नाहीत.

२०२५ च्या अमेरिकन लीगने दोन्ही टोकं दाखवली. ब्लू जेजना टायब्रेकरवर मिळालेली डिव्हिजन म्हणजे पहिला क्रमांक आणि बाय. तेवढेच ९४ विजय मिळवून यांकीजना तीन सामन्यांची मालिका खेळावी लागली. आणि सेंट्रलमध्ये? डेट्रॉइट टायगर्स जुलैमध्ये क्लीव्हलंड गार्डियन्सच्या साडेपंधरा सामने पुढे होते. ती आघाडी पूर्ण वितळली. शेवटी गार्डियन्स ८८-७४, टायगर्स ८७-७५. डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या मराठी घरांतही त्या आठवड्यात सुतक असणार. पण कागदावर पाहा: गार्डियन्स तिसऱ्या क्रमांकाचे डिव्हिजन विजेते, म्हणजे बाय नाही. टायगर्स सहावे. दोघांची गाठ पुन्हा एकमेकांशीच. डिव्हिजनने फक्त मैदान कुणाचं ते ठरवलं. टायगर्सनी शनिवारी जागा पक्की केली होती. मग रविवारच्या सामन्यासाठी त्यांनी अव्वल पिचर तारिक स्कूबलला खर्च केलं नाही, मंगळवारसाठी राखलं. त्याने क्लीव्हलंडमध्ये १४ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले आणि टायगर्सनी मालिका २-१ ने घेतली. रविवारी चिडलेल्या चाहत्यांनी हा हिशेब मांडला असता तर बरंच रक्त आटवायचं वाचलं असतं.

त्याच ८७-७५ वर ॲस्ट्रोजही थांबले होते. टायब्रेकर टायगर्सचा असल्याने ॲस्ट्रोज बाहेर. चौथी पायरी पुन्हा वाचा.

## पायरी ९: काय बघायचं नाही

'शेवटच्या दहांत ८-२' हा रकाना मजेसाठी आहे. त्यातले आठ विजय कुणाविरुद्ध, हे तो सांगत नाही.

प्लेऑफची टक्केवारी देणाऱ्या साइट, उदाहरणार्थ फॅनग्राफ्स, उरलेला हंगाम हजारो वेळा संगणकावर खेळवून आकडा काढतात. तो बघा, पण दिवसातून एकदा. ९५ टक्के म्हणजे पक्कं नव्हे. ३ सप्टेंबर २०११ ला रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या शर्यतीत टॅम्पा बे रेजपेक्षा नऊ सामने पुढे होते. सप्टेंबरमध्ये ते ७-२० खेळले. २८ सप्टेंबरच्या रात्री ते बाल्टिमोरमध्ये ३-४ असे हरले आणि काही मिनिटांतच एव्हान लाँगोरियाच्या बाराव्या इनिंगमधल्या होमरनने रेजना पुढे नेलं, तेही यांकीजविरुद्ध ०-७ अशा पिछाडीवरून.

## पायरी १०: शेवटचा रविवार

शेवटच्या दिवशी सगळे सामने जवळपास एकाच वेळी, पूर्व किनाऱ्याच्या दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये म्हणून. भारतात ते रविवार-सोमवारच्या मध्यरात्री साडेबाराला. ऑफिसला सोमवारी उशिरा येणार असं सांगायचं असेल तर शुक्रवारीच सांगा.

शनिवारचे निकाल पूर्ण झाल्यावर हे करा:

१. कोणते सामने अजून अर्थपूर्ण आहेत ते शोधा. बहुधा तीन ते पाच निघतात. बाकीच्यांवर काट मारा.

२. तुमचा सामना आणि प्रतिस्पर्ध्याचा सामना, अशा दोन निकालांच्या चारच शक्यता होतात. चारही लिहा आणि प्रत्येकीपुढे 'आत' किंवा 'बाहेर'. प्रतिस्पर्धी दोन असतील तर आठ ओळी. त्यापेक्षा जास्त ओळी होत असतील तर एखादा टायब्रेकर सोडवायचा राहिलाय.

३. प्रत्येक 'आत'पुढे क्रमांक लिहा आणि मंगळवारी सामना कोणाशी, कुठे, तेही.

४. मुख्य पडद्यावर आपला सामना लावा. दुसऱ्या सामन्याचा फक्त गुणफलक उघडा ठेवा. दोन्ही प्रक्षेपणं एकदम लावली तर वेगवेगळ्या विलंबामुळे फोनवरची सूचना चित्राच्या आधी येते आणि रंग जातो. आपल्या सामन्याच्या सूचना बंद करा.

५. पावसाचा अंदाज पाहा. जागा किंवा क्रमांक अडकलेला सामना वाहून गेला तर तो सोमवारी खेळवला जाऊ शकतो, २०२४ मध्ये अटलांटात दोन झाले तसे. त्या वेळी तक्ता रविवारी रात्री अपुरा असतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

६. निकाल लागल्यावर तक्त्यातल्या संघाच्या नावापुढचं अक्षर बघा. 'डब्ल्यू' वाइल्ड कार्डचं, 'वाय' डिव्हिजनचं, 'एक्स' नुसती जागा पक्की झाल्याचं. अक्षर आलं नसेल तर आपलं गणित पुन्हा तपासा.

मंगळवारचा सामना भारतातून पाहणार असाल तर त्याची वेळ रविवारी रात्री उशिरा किंवा सोमवारी जाहीर होते, तेव्हा गजर त्यानंतरच लावा. आणि दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवण्याचा नियम फक्त नियमित हंगामापुरता आहे. प्लेऑफमध्ये तो नसतो, सामना लांबू शकतो.